परिवर्ती ताऱ्यांचे वर्गीकरण व यंत्राचे शिक्षण

आकाशातील काही ज्योतींची दीप्ती पालटते. कोठे जोडताऱ्यांपैकी एक दुसऱ्यास झाकतो, कोठे तारा स्वतःच आकुंचन-प्रसरण पावतो, तर कोठे त्याचा स्फोट होतो. या पालटाच्या आलेखास दीप्तिवक्र म्हणतात व त्यावरून कारण ओळखावयाचे असते. हे काम पूर्वी डोळ्यांनी होत असे. परंतु पालोमार येथील झ्विकी सर्वेक्षणाचा कॅमेरा २०१८ पासून एकेका छायाचित्रात सुमारे ४७ चौरस अंश आकाश टिपू लागला, आणि एका रात्रीतील सूचनांची संख्या लाखांच्या घरात गेली. निवडीचे काम यंत्राकडे सोपविणे क्रमप्राप्त झाले.

अडचण अशी की, हे वक्र अखंड नसतात. ढग व चांदणे यांमुळे निरीक्षणात खंड पडतो. वऱ्हाडात तर पावसाळ्याचे चार महिनेच जातात. पुण्याच्या आयुकातून कॅल्टेकमध्ये गेलेले डॉ. आशिष महाबळ व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये यावर एक रीत मांडली. नोंदींची प्रत्येक जोडी घ्यावी, कालांतर एका अक्षावर व दीप्तीतील फरक दुसऱ्या अक्षावर धरावा, आणि कोणत्या घरात किती जोड्या पडतात ते मोजावे. दहा नोंदींतून अशा ४५ जोड्या मिळतात. विरळ वक्राचे त्यामुळे चित्र होते व चित्रे ओळखणाऱ्या यंत्रास ते वाचता येते. अर्थ सुट्या घटकात नसून फरकांत असतो, हा सोस्यूरचा विचार भाषाभ्यासकास येथे आठवेल.

तथापि यंत्र शिकते ते माणसांनी आधी नावे दिलेल्या उदाहरणांवरून. केवळ प्रमाण मराठीवर शिकविलेले यंत्र अकोल्याच्या 'डोया' या शब्दास 'डोळा'चे अशुद्ध रूप ठरवील. अमरावतीच्या श्रोत्यास मात्र 'काया', 'डोया' यांत 'ळ'चा 'य' होण्याचा नियमच दिसेल. आकाशाविषयीही असेच घडते. एका दुर्बिणीच्या नोंदींवर शिकलेले यंत्र दुसरीच्या नोंदींपुढे चुकू शकते. शिवाय ठरावीक वर्गांतच संभाव्यता वाटून देणारे यंत्र अपूर्व ज्योतीसही जुनेच नाव देते, आणि शोधावयाचे तेच हातचे निसटते. म्हणून संशयास्पद ज्योतींचा पाठपुरावा लडाखमधील हानले येथील ०.७ मीटर व्यासाच्या ग्रोथ-इंडियासारख्या दुर्बिणींनी करावा लागतो.

सारांश, यंत्राची उत्तरे शेकडा किती बरोबर आली, एवढेच विचारून भागत नाही. वर्गांची यादी कोणी केली, उदाहरणे कोठून घेतली आणि यादीत न बसणाऱ्यांचे काय केले, हे प्रश्न संशोधकाने प्रथम विचारले पाहिजेत.