हेझलनट आणि त्याचा केक

मराठींत ज्याला ‘बंदूक’ म्हणतात त्या हत्याराचें नांव एका खाद्य फळावरून पडलें आहे, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. अरबी भाषेंत ‘बुंदुक’ हा शब्द मूळचा हेझलनट या फळाचा. पुढें धनुष्यांतून फेकावयाच्या वाटोळ्या गोळीलाही, आकारावरून, बुंदुक म्हणूं लागले. आणि दारूच्या जोरावर गोळी उडविणारें हत्यार निघालें तेव्हां गोळीचें नांव हत्याराला मिळालें. अरबांनीं तरी हा शब्द कोठून घेतला? ग्रीक लोक या फळास ‘पोंटिक’, म्हणजे पोंटस प्रांताचें, असें म्हणत. त्याचाच हा अपभ्रंश. पोंटस म्हणजे काळ्या समुद्राचा दक्षिण किनारा. आज हा किनारा तुर्कस्तानांत मोडतो, आणि जगांत सर्वांत अधिक हेझलनट आजही तेथेंच पिकतात. तुर्की भाषेंत त्यांना ‘फिंदिक’ म्हणतात. मधल्या काळांत राज्यें बुडालीं, भाषा बदलल्या. फळाचें आणि त्या किनाऱ्याचें नातें मात्र तुटलें नाहीं.

हें फळ दिसावयास साधें असतें. बोराएवढा आकार, तपकिरी रंगाचें कठीण व गुळगुळीत कवच, आणि आंत शेंगदाण्याहून कांहींसा मोठा वाटोळा दाणा. शहरांतील मराठी घरांत तो बहुधा चॉकलेटच्या वडींतून किंवा डब्यांतील मऊ चॉकलेटांतून येतो, म्हणून त्याची खरी ओळख फारशी कोणास नसते. परंतु त्याचा इतिहास पाहूं गेल्यास एक गोष्ट पुन्हां पुन्हां दिसते. माणसाजवळ जेव्हां दुसरें कांहीं कमी पडलें, कधीं धान्य, कधीं पीठ, कधीं कोको, तेव्हां हा दाणा पुढें आला. आणि टंचाईच्या दिवसांत जें निरुपायानें केलें, तेंच पुढें सणाचें पक्वान्न ठरलें.

या झाडाची रीत इतर फळझाडांहून वेगळी आहे. युरोपांत ऐन हिंवाळ्यांत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, जेव्हां फांदीवर एकही पान नसतें, तेव्हां हें झाड फुलतें. नरफुलांचे पिवळसर तुरे फांद्यांवरून लोंबतात. मादीफूल मात्र इतकें लहान कीं, कळीच्या टोंकावर दिसणारे तांबडे धागे एवढीच त्याची खूण. मधमाशी त्या थंडींत बाहेर पडत नाहीं. पराग वाहून नेण्याचें काम वारा करतो. एकाच झाडाचा पराग त्याच झाडाच्या फुलास उपयोगी पडत नाहीं, म्हणून बागेंत निरनिराळ्या जातींचीं झाडें जवळजवळ लावावीं लागतात. सर्वांत नवल असें कीं, पराग हिंवाळ्यांत पोंचला तरी बीजधारणा चार-पांच महिन्यांनीं, उन्हाळ्याच्या तोंडाशीं होते. ऑगस्ट-सप्टेंबरांत फळ पिकून आपोआप खालीं गळतें.

आपोआप गळणारें, पौष्टिक, आणि कवचाच्या पेटींत महिनोन्महिने टिकणारें अन्न शेतीपूर्वींच्या माणसाच्या नजरेंतून सुटणें शक्यच नव्हतें. स्कॉटलंडच्या पश्चिमेस कॉलन्से नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथें उत्खननांत एक मोठा खड्डा सांपडला आणि त्यांत हेझलनटचीं लक्षावधी जळकीं कवचें निघालीं. काल सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वींचा. पेरणी ठाऊक नसलेल्या त्या लोकांनीं हीं फळें गोळा करून, भाजून, मोठ्या प्रमाणावर सांठविण्याजोगीं केलीं होतीं. भाजल्यानें दाणा टिकतो, पचावयास सोपा होतो आणि त्याला सुवासही येतो. आज केक करणारी गृहिणी जें पहिलें काम करते, तेंच काम त्या बेटावर धान्य नसलेल्या माणसांनीं केलें होतें.

रोमन काळांत हें फळ इटलींत चांगलेंच रुळलें. नेपल्सजवळील आवेला या गांवच्या नांवानें तें ओळखलें जाऊं लागलें, आणि लिनिअसनें १७५३ सालीं वनस्पतींना शास्त्रीय नांवें दिलीं तेव्हां या झाडाच्या नांवांत ‘आवेलाना’ हा शब्द कायम केला. इंग्लंडांत त्याला ‘फिल्बर्ट’ असेंही म्हणतात. संत फिलिबर्ट यांचा दिवस २० ऑगस्टला, म्हणजे फळ पिकण्याच्या सुमारास येतो, म्हणून हें नांव.

परंतु केकच्या दृष्टीनें या फळाचें खरें माहेर इटलीच्या वायव्येस, पिएमोंते प्रांतांत आहे. तेथील लांगे नांवाच्या टेंकड्या आज द्राक्षांच्या मद्यासाठीं जगप्रसिद्ध आहेत. पण उंचावरच्या भागांत जमीन हलकी, उतार अवघड आणि शेतकरी गरीब अशी पूर्वींची स्थिति होती. गहूं महाग, लोणी मोजकें. घरच्या कुंपणावरचे हेझलनट, कोंबड्यांचीं अंडीं आणि गांठीला असेल तेवढी साखर, एवढ्यावरच सणाचें गोड करावें लागे. शरद ऋतूंतील पिकाचे उरलेले दाणे हिंवाळ्यांत काढून नाताळच्या सुमारास केक भाजण्याची चाल यांतून पडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत द्राक्षवेलींवर रोग पडले, तेव्हां कित्येक उतारांवर वेलींच्या जागीं हेझलनटचीं झाडें आलीं, आणि केकही घरोघर झाला. तेथील वाटोळ्या, पातळ सालीच्या जातीस आज युरोपीय संघाच्या कायद्यानें प्रदेशनामाचें संरक्षण आहे.

हा केक करण्याची रीत सोपी असली तरी तींत हयगय चालत नाहीं. दाणे प्रथम मंद आंचेवर भाजावयाचे. साल तडकूं लागली व आंतला गर फिकट सोनेरी झाला कीं ते गरम असतांनाच जाड फडक्यांत गुंडाळून चोळावयाचे, म्हणजे कडवट साल सुटून येते. बेसनाच्या लाडवांसाठीं पीठ भाजतांना वासावरूनच ‘झालें’ हें कळतें, तसेंच येथेंही आहे. क्षणभर अधिक भाजलें तर दाणा कडू होतो. मग ते गार करून साखरेच्या कांहीं भागाबरोबर कुटावयाचे. साखर घालण्याचें कारण असें कीं, या दाण्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग तेलाचा असतो. नुसता वाटला तर तेल सुटून त्याचा लगदा होतो, साखर तें तेल शोषून घेते आणि भुकटी मोकळी राहते. अंड्यांचा पिवळा भाग उरलेल्या साखरेशीं घोटून त्यांत ही भुकटी मिसळतात; कोणी थोडें लोणी व मूठभर पीठ घालतात, जुन्या रीतीचे लोक पीठ मुळींच घालीत नाहींत. शेवटीं पांढरा भाग फेंस येईपर्यंत घुसळून हलक्या हातानें कालवितात. केक फुगतो तो या फेंसांत कोंडलेल्या हवेनें. भट्टींतून निघालेला केक बुटका, तांबूस आणि किंचित् खडबडीत दिसतो. त्यावर नक्षी नाहीं कीं साय नाहीं. फार तर जवळ अंडें, साखर व गोड मद्य घोटून केलेली पातळ खीर वाढतात. काजूच्या वडींत जसें पिठाचें काम काजूच करतो, तसें येथें हेझलनट करतो. पीठ नव्हतें म्हणून जें केलें, त्यांत पुढें पीठ घालणें हाच कमीपणा ठरला.

चॉकलेटची कथाही अशीच आहे. नेपोलियननें १८०६ सालीं इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी पुकारली, तेव्हां युरोपांत कोको दुर्मिळ व महाग झाला. पिएमोंतेची राजधानी तुरीन त्या वेळीं फ्रेंचांच्या अमलाखालीं होती. तेथील मिठाईवाल्यांनीं थोड्या कोकोंत जवळच्या टेंकड्यांवरील हेझलनटचें वाटण मिसळून निभावून नेलें, असें परंपरेनें सांगतात. १८६५ च्या सुमारास या मिश्रणाच्या लहान वड्या कागदांत गुंडाळून विकल्या जाऊं लागल्या आणि जांदुया या लोकप्रिय सोंगाचें नांव त्यांना मिळालें. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हां कोकोची टंचाई पडली. तेव्हां १९४६ सालीं आल्बा गांवच्या पिएत्रो फेरेरो या मिठाईवाल्यानें तीच युक्ति वापरून पावाबरोबर कापून खाण्याचा स्वस्त गोळा काढला. त्याचाच मऊ अवतार १९६४ सालीं ‘न्यूटेला’ या नांवानें बाजारांत आला. डब्यांतून मराठी मुलांच्या पोळीवर पोंचलेलें मऊ चॉकलेट तें हेंच.

या विजयाला दुसरी बाजूही आहे. जगाच्या पिकापैकीं सामान्यतः साठ ते सत्तर टक्के पीक एकट्या तुर्कस्तानांतून येतें. २०१४ सालीं मार्चच्या अखेरीस काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर कडाक्याचें हिंव पडलें, कोंवळे कोंब करपले, आणि जगभर या दाण्याचे भाव एकदम चढले. तेथील बागा अनेक ठिकाणीं इतक्या उभ्या चढावर आहेत कीं यंत्र चालत नाहीं; फळें हातानेंच वेंचावीं लागतात. त्यासाठीं देशाच्या आग्नेय भागांतून गरीब कुटुंबें मुलाबाळांसह येतात व हंगामभर झोपड्यांत किंवा तंबूंत राहतात. मजुरी अल्प, आणि लहान मुलांनाही राबावें लागतें, ही तक्रार अनेक वर्षें चालत आली आहे. जो दाणा एके काळीं गरिबाच्या घरचें गोड होता, तो आज दुसऱ्या गरिबाच्या श्रमांवर श्रीमंताच्या मेजावर येतो.

भारतालाही हें झाड परकें नाहीं. हिमालयांत त्याची एक बहीण रानांत वाढते. हिमाचलांतील पांगी खोऱ्यांत तिच्या फळास ‘ठांगी’ म्हणतात व तेथील लोक तीं जंगलांतून गोळा करतात. शास्त्रज्ञांनीं त्या झाडास व्हिक्टर झाकमाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव दिलें आहे. हा तरुण १८२९ सालीं भारतांत आला, हिमालय व काश्मीर पायीं-घोड्यावर हिंडला, आणि ७ डिसेंबर १८३२ रोजीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, मुंबईंत आजारानें वारला. मुंबईकरांस त्याचें नांव आज ठाऊक नाहीं. हिमालयांतील एका झाडाबरोबर मात्र तें टिकून आहे.

एखाद्या घरीं कधीं काळीं हेझलनट भाजण्याचा प्रसंग आला, तर त्या वासाबरोबर एवढें स्मरावें कीं नऊ हजार वर्षांपूर्वीं एका थंड बेटावर हाच वास दरवळला होता. त्या माणसांना केक ठाऊक नव्हता, साखर नव्हती, पीठही नव्हतें. हिंवाळा पुढें उभा होता आणि हातांत मूठभर दाणे होते. केकची सुरुवात तेथूनच झाली.