दोन ग्राफिक्स कार्डें : कोणतें घ्यावें?



२०२४ च्या उन्हाळ्यांत माझे एक स्नेही लॅमिंग्टन रोडवरून निघाले ते थेट माझ्याकडे आले. त्यांची मुलगी ॲनिमेशनचें शिक्षण घेत होती आणि तिच्या संगणकाला नवें ग्राफिक्स कार्ड पाहिजे होतें. दुकानदारानें एका कागदावर दोन नांवें लिहून दिलीं होतीं : एन्व्हिडिया कंपनीचें जीफोर्स आरटीएक्स ३०६० आणि त्याच कंपनीचें आरटीएक्स ४०६०. "अहो, ४०६० नवें, मग त्यांत मेमरी ८ जीबी आणि जुन्यांत १२ जीबी, हें कसें? नवें घ्यावें कीं मोठें घ्यावें?" असा त्यांचा प्रश्न होता. मध्यम वर्गाच्या घरांत असा खर्च चार-पांच वर्षांतून एकदां होतो. तेव्हां हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता.

ग्राफिक्स कार्डाचें काम काय, तें आधीं पाहूं. संगणकाच्या पडद्यावरील चित्र ठिपक्यांचें बनलेलें असतें. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके धरले, तर एका चित्रांत वीस लक्षांहून अधिक ठिपके होतात. आणि हालतें दृश्य डोळ्यांना सलग वाटावें म्हणून खेळांत सेकंदाला साठ तरी चित्रें काढावीं लागतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग गणितानें ठरवावयाचा. हें गणित एकेकटें पाहिलें तर सोपें, पण संख्येनें अफाट. म्हणून ग्राफिक्स कार्डांत एकाच वेळीं राबणारे हजारों लहान गणक बसविलेले असतात. त्यांना कोअर म्हणतात.

आतां कागदावरील आंकडे घेऊं. ३०६० हें २०२१ च्या फेब्रुवारींत ३२९ डॉलर किंमतीला बाजारांत आलें. त्यांत ३५८४ कोअर आहेत. ४०६० आलें २०२३ च्या जूनमध्यें, २९९ डॉलरला. त्यांत कोअर अवघे ३०७२. येथें पुष्कळांची फसगत होते. कामगार किती, एवढेंच विचारून भागत नाहीं. प्रत्येकाचा हात किती चालतो, हेंहि विचारावें लागतें. ३०६० चा हात सेकंदाला सुमारें १७८ कोटि ठोक्यांनीं चालतो, ४०६० चा २४६ कोटि ठोक्यांनीं. दोहोंचा गुणाकार करून पाहावा : कोअर कमी असूनहि ४०६० चें काम सुमारें अठरा टक्क्यांनीं अधिक भरतें. प्रत्यक्ष खेळांच्या चांचण्यांतहि साधारण पडद्यावर तें एक-पंचमांशाच्या आसपास पुढें राहतें. म्हणजे कागदावरील गुणाकार आणि प्रत्यक्ष अनुभव यांचा येथें चांगला मेळ बसतो. नेहमींच बसतो असें नव्हे.

मेमरीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि ती समजावयास स्वयंपाकघराकडे वळणें बरें. कोअर हे स्वयंपाकी. मेमरी ही कोठीची खोली. कोठीचें दार किती रुंद आहे, तें ठरतें मेमरीच्या तारांवरून. ३०६० ला अशा १९२ तारा आहेत व प्रत्येक तारेवरून सेकंदाला १५ गिगाबिट जातात. म्हणून एकंदर ३६० गिगाबाइट सामान सेकंदाला आंत-बाहेर होऊं शकतें. ४०६० च्या तारा १२८, त्यांचा वेग १७ गिगाबिट. एकूण २७२ गिगाबाइट. कोठी लहान आणि दारहि अरुंद! मग स्वयंपाकी खोळंबत कसे नाहींत? कारण ओट्यावर ठेवलेला मिसळणाचा डबा या कार्डांत बराच मोठा केला आहे. यास कॅश म्हणतात. ३०६० मध्यें ती ३ मेगाबाइट होती, ४०६० मध्यें २४ मेगाबाइट आहे. हळद-मोहरी हाताशींच असली, म्हणजे कोठीकडे हेलपाटे कमी होतात.

मात्र मिसळणाचा डबा कितीहि मोठा केला, तरी त्यांत वर्षाचें धान्य मावत नाहीं. एखाद्या कामाला १० जीबी सामान लागलें, तर ८ जीबीच्या कोठींत तें बसणार नाहीं. उरलेलें संगणकाच्या सर्वसाधारण मेमरींत ठेवावें लागेल, आणि तेथून तें आणणें म्हणजे दर खेपेस बाजार गांठणें. त्यांत ४०६० ला संगणकाशीं जोडणाऱ्या वाटा ३०६० च्या निम्म्या, सोळाऐवजीं आठच. नव्या संगणकांत हें फारसें जाणवत नाहीं. जुन्या मदरबोर्डावर, जेथें प्रत्येक वाटेचा वेगच अर्धा असतो, तेथें जाणवतें. कोठी भरेपर्यंत ४०६० पुढें, आणि कोठी ओसंडली कीं तेंच मागें, असा हा प्रकार आहे.

विजेच्या बाबतींत मात्र नव्या कार्डाची बाजू निर्विवाद आहे. पूर्ण भारावर ३०६० ला १७० वॅट लागतात, ४०६० ला ११५. रोज चार तास असें काम केलें, तर वर्षाला सुमारें ऐशीं युनिट वांचतात.

४०६० च्या जाहिरातींत आणखी एक गोष्ट ठळकपणें सांगितली जाते. दोन खऱ्या चित्रांच्या मध्यें एक चित्र तें स्वतः रचून घालूं शकतें. ३०६० ला कंपनीची ही सोय नाहीं. पडद्यावरील हालचाल यानें मऊ दिसते, पण बटण दाबल्यावर खेळ जितक्या लवकर प्रतिसाद देतो, त्यांत यामुळें कांहीं सुधारणा होत नाहीं. जाहिरातींतील आलेखांत अशीं रचलेलीं चित्रेंहि मोजलेलीं असतात, हें ध्यानांत ठेवून ते वाचावे.

माझ्या स्नेह्यांना मीं एकच विचारलें : मुलीच्या कामाला मेमरी लागते किती? त्यांनीं तिला तेथूनच फोन लावला. ती ब्लेंडर नांवाच्या साधनावर दृश्यें रचीत असे. कॉलेजांतल्या संगणकावर तिनें पाहिलें होतें, तिचें मोठें दृश्य नऊ जीबींच्या वर जाई. लहान दृश्यें ४०६० वर खात्रीनें लवकर झालीं असतीं. पण परीक्षेला द्यावयाचें होतें तें मोठें. तेव्हां ३०६० ठरलें.

ते उठतां उठतां मीं त्यांना आणखी एक सूचना केली. २०२२ च्या अखेरीस याच ३०६० नांवानें दुसरें एक कार्ड निघालें. त्यांत मेमरी ८ जीबी, तारा १२८, आणि सामानाची ने-आण सेकंदाला अवघी २४० गिगाबाइट. पेटीवरचें नांव तेंच. म्हणून १२ जीबी हे शब्द पावतीवर लिहून घ्या, असें मीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पावती दाखविली, तींत ते लिहिलेले होते. त्यांचा धाकटा मुलगा मात्र रुसला होता. त्याच्या खेळांना ४०६० अधिक चाललें असतें, हें त्यानें आधींच वाचून ठेवलें होतें, आणि तें खोटें नव्हतें.