शाळेचा सर्व्हर फार बडबडतोय? तोंड बंद करण्याआधी ऐकून घ्या



बऱ्याच शाळांत आता छोटी का होईना, संगणक खोली आहे. एखादा जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून ठेवलेला असतो, त्यावर उबुंटू असतं आणि मुलांचं काम तिथे सेव्ह होतं. आमच्याकडेही असंच आहे. मी काही इंजिनिअर नाही, डीएड झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. पण खोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणून बिघाडही माझ्याकडे!

मागच्या वर्षी पाचवीची मुलं गावातल्या विहिरींची माहिती तक्त्यात भरत होती. सोमवारी दुपारी एकदम ओरड झाली, "मॅडम, सेव्हच होत नाही, जागा नाही म्हणतंय!" दोन गटांचं तासाभराचं काम गेलं. शुक्रवारी तर डिस्कवर वीसेक जीबी जागा मोकळी होती. शनिवार-रविवार शाळा बंद. मग जागा खाल्ली कोणी?

उत्तर होतं लॉग फाइल.

लॉग म्हणजे काय?

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, काय सुरू झालं, काय बिघडलं, हे सगळं तो वेळ टाकून लिहीत जातो. लिनक्समध्ये या नोंदी 'व्हार' फोल्डरच्या आत 'लॉग' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. प्रत्येक संदेशाला 0 ते 7 अशी पातळी असते. 0 म्हणजे आणीबाणी, 3 म्हणजे चूक, 4 म्हणजे इशारा, 6 म्हणजे साधी माहिती आणि 7 म्हणजे प्रोग्रामरसाठीचा बारीकसारीक तपशील. आकडा जितका लहान, तितकं प्रकरण गंभीर.

इतकी जागा कशी भरते?

साधं गणित करू. एक ओळ 100 बाइटची धरा. सेकंदाला 500 ओळी आल्या तर तासाला 180 एमबी आणि दिवसाला 4 जीबीहून जास्त होतात. त्यात कर्नलचे संदेश बहुतेक वेळा 'सिसलॉग' आणि 'कर्न लॉग' अशा दोन्ही फाइलींत लिहिले जातात. म्हणजे दुप्पट! सुट्टीत हेच झालं.

शोध कसा घ्यायचा?

1. आधी 'डीएफ' कमांडने डिस्क किती भरली ते बघा. मग 'डीयू' कमांडने कोणतं फोल्डर फुगलंय ते शोधा.

2. फुगलेली फाइल पूर्ण उघडू नका, संगणक अडकून बसेल. 'टेल' कमांडने शेवटच्या पन्नासेक ओळीच वाचा.

3. कोणती ओळ पुन्हा पुन्हा येते ते मोजा. आपण वर्गात ताळ्याच्या खुणा करतो, अगदी तसंच. बहुतेक वेळा बोलणारे शंभर नसतात, एकच जण शंभरदा बोलत असतो.

4. त्या ओळीत कोणत्या भागाचं किंवा प्रोग्रामचं नाव आहे ते वहीत उतरवून घ्या.

आमच्याकडे एकच तक्रार सारखी येत होती: 'पीसीआयई बस एरर', आणि पुढे 'करेक्टेड'. म्हणजे मदरबोर्ड आणि त्यात खोचलेलं कार्ड यांच्या बोलण्यात चूक होत होती. ती लगेच दुरुस्तही होत होती, पण प्रत्येक वेळी तिची नोंद होत होती.

माझ्या हातून झालेली चूक

घाईघाईत मी ती मोठी फाइल डिलीट केली. फाइल दिसेनाशी झाली, पण जागा काही परत आली नाही! कारण लिहिणाऱ्या प्रोग्रामने ती अजून उघडीच धरली होती. तो सोडेपर्यंत लिनक्स जागा मोकळी करत नाही. म्हणून फाइल डिलीट न करता 'ट्रंकेट' कमांडने शून्यावर आणावी. त्याआधी शेवटच्या काही ओळी दुसरीकडे कॉपी करून ठेवाव्यात, नाहीतर पुरावाच जातो. डिलीट झालीच असेल, तर लॉग लिहिणारी सेवा रीस्टार्ट करा.

तोंड बंद करायचं की दुखणं बघायचं?

या तक्रारीवर एक झटपट उपाय सगळीकडे सांगतात: सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये 'नोएईआर' लिहा. संदेश खरंच थांबतात. पण चूक थांबत नाही, फक्त कळवणं थांबतं. उद्या कार्ड खरंच बंद पडलं तर आधी इशारा मिळणार नाही.

म्हणून आम्ही सर्व्हर बंद केला, वायर काढली, नेटवर्क कार्ड बाहेर काढलं. त्याच्या सोनेरी पट्टीवर धूळ होती. खोडरबर हलकेच फिरवून ती साफ केली आणि कार्ड नीट दाबून बसवलं. संदेश थांबले. एवढ्याने थांबले नसते तर पुढची पायरी होती वीज वाचवणारं 'एएसपीएम' सेटिंग बंद करून बघणं. बरेचदा तेही कारण असतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

'लॉगरोटेट' जुन्या नोंदी बाजूला करून जुन्यातल्या जुन्या पुसतो. पण तो सहसा दिवसातून एकदाच चालतो. म्हणून त्यात 'मॅक्ससाइझ' मर्यादा घाला आणि तो तासाला चालेल असं बघा. 'जर्नलडी'ची वेगळी नोंदवही असते. तिच्यासाठी 'सिस्टममॅक्सयूज' ठरवून द्या. जमलं तर मुलांच्या कामासाठी वेगळं पार्टिशन ठेवा, म्हणजे लॉग कितीही फुगला तरी मुलांची जागा शाबूत राहते. आणि दर सोमवारी पहिल्या तासाआधी 'डीएफ' बघा. मिनिटभराचं काम आहे.

त्या दोन गटांनी विहिरींचे तक्ते दुसऱ्या दिवशी पुन्हा भरले. नोंदी वहीत होत्या म्हणून जमलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: आधी वही, मग संगणक.