वाकडा मणका आणि लटपटते पाय : पग-बुलडॉगच्या पाठीचं ऑपरेशन कधी?

धाराशिव जिल्हा म्हटला की पशुवैद्यकाला आधी आठवते ती उस्मानाबादी शेळी. पण २००३ मध्ये मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून पग देशभर पोहोचला आणि हळूहळू चपट्या तोंडाची कुत्री तालुक्याच्या गावांतही दिसू लागली. आज आपण त्यांच्या पाठीविषयी बोलू.

कुत्र्याच्या छातीच्या भागात १३ मणके असतात. गर्भात एखाद्या मणक्याचा काही भाग वाढलाच नाही, तर तो विटेसारखा न होता पाचरीसारखा होतो. याला हेमिव्हर्टिब्रा, म्हणजे अर्धमणका म्हणतात. भिंतीत विटेच्या जागी पाचर बसवली तर भिंत वाकते, तसाच कण्याला बाक येतो. आतून जाणारा मज्जारज्जू मग त्या जागी दाबला जातो, किंवा हालचालीत पुन्हा पुन्हा दुखावतो.

पण इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवू. एक्स-रेत वाकडा मणका दिसला म्हणजे आजार झाला, असं नाही. फ्रेंच बुलडॉगमध्ये असे मणके सर्रास सापडतात, आणि त्यातली बहुतेक कुत्री आयुष्यभर नीट चालतात. पगमध्ये मात्र असा मणका असेल, तर पायांना त्रास होण्याची शक्यता जास्त. बाक सुमारे ३५ अंशांपेक्षा अधिक असेल तर धोका वाढतो. तरीही निर्णय फोटोवर घ्यायचा नाही. कुत्रं चालतं कसं, यावर घ्यायचा.

मग घरी काय बघायचं? पिल्लू बहुधा पहिल्या वर्षभरातच मागच्या पायांनी डुलत चालू लागतं. नखं फरशीवर घासून झिजतात. पंजा उलटा पडला तरी ते लगेच सरळ करत नाही. पुढे लघवी-शीवरचा ताबा जातो. ते फारसं विव्हळत नाही, म्हणून आपण त्याला आळशी समजतो, कॅल्शियम पाजत बसतो आणि महिने निघून जातात.

ऑपरेशनआधी एमआरआय लागतो. एकाच पाठीत तीन-चार वाकडे मणके असू शकतात. दोष नेमका कुठला, की सरकलेली गादीच कारणीभूत आहे, हे त्यातूनच कळतं. ऑपरेशनमध्ये वाकड्या मणक्याच्या पुढच्या-मागच्या मणक्यांत स्क्रू किंवा पिना बसवून त्या हाडांच्या सिमेंटने बांधतात. दाब असेल तिथलं हाड काढतात. कणा सरळ करणं हा मुख्य हेतू नसतो. ती जागा हलू न देणं, हा असतो. पिल्लाचं हाड लहान आणि मऊ. पिन थोडी चुकली तर मज्जारज्जूला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा होते. म्हणून काही ठिकाणी सीटी स्कॅनवरून थ्रीडी-प्रिंट केलेले साचे वापरतात. शिवाय चपट्या नाकामुळे भूल देणंही जोखमीचं. नंतर कित्येक आठवडे पिंजऱ्यात विश्रांती आणि व्यायामोपचार. जे कुत्रं अजून चालतंय, त्याला सुधारण्याची संधी चांगली. पायातली संवेदनाच गेली असेल, तर आशा फार कमी.

हे काम तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातलं नाही. पण तपासणी, साधा एक्स-रे आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी तिथेच मिळते. पशुवैद्यक महाविद्यालयं उदगीर आणि परभणीला आहेत. मुंबईत परळचं महाविद्यालय १८८६ पासूनचं. निघण्याआधी फोन करून एमआरआय आणि कण्याचं ऑपरेशन करणारे सर्जन आहेत का, ते विचारा. उन्हाळ्यात प्रवास रात्री करा, कारण या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं जमत नाही. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधा.

शेवटचा मुद्दा पैदाशीचा. बोकड निवडताना आपल्याकडे त्याच्या आईला जुळी होत होती का, हे विचारतात. कुत्र्यात मात्र माणसाने चपटं तोंड आणि पिळलेली शेपटी निवडली. बुलडॉगची ती शेपटी म्हणजे वेड्यावाकड्या मणक्यांचीच माळ. २०१८ मध्ये तिचा संबंध डीव्हीएल-२ या जनुकातल्या बदलाशी जोडला गेला. म्हणून पिल्लू घेताना त्याच्या आई-वडिलांच्या पाठीचे एक्स-रे मागा, त्यांना चालताना बघा. विकणारा टाळाटाळ करत असेल, तर तिथून पिल्लू घेऊ नका.