रावेरचे गिऱ्हाईक परराज्यातले : घरगुती ऑनलाइन व्यवसायाचा पहिला हिशेब



उन्हाळा लागला की आपल्या बुऱ्हाणपुरातल्या घरांच्या गच्च्यांवर पापड, कुरडया, सांडगे वाळू लागतात. पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचे फोन येतात, "आम्हालाही थोडे पाठवा." मग घरातली सून किंवा मुलगी म्हणते, "एवढी मागणी आहे तर ऑनलाइनच का विकू नये?"

बँकेतून निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न आम्हाला मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारते. आमच्या घरीही तो आला आणि आम्ही दोघांनी केळ्याच्या वेफर्सपासून सुरुवात करून पाहिली. त्या अनुभवातून जे उमगले ते इथे क्रमाने मांडतो.

दूरवर माल पाठवणे बुऱ्हाणपूरला नवे नाही. सतराव्या शतकात येथे आलेल्या टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे की इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असे. आता मोबाइलवर ऑर्डर येते आणि यूपीआयवर पैसे येतात. हिशेबाची शिस्त मात्र तेव्हाइतकीच लागते.

पहिली गोष्ट : सीमा

रावेर आपल्याला शेजारचे गाव वाटते. बाजारहाट, सोयरीक सगळे तिकडे. भोपाळ तीनशे किलोमीटरपलीकडे. पण जीएसटीच्या कायद्यात भोपाळचे गिऱ्हाईक घरचे आणि रावेरचे परराज्यातले.

याचा परिणाम मोठा आहे. "वर्षाला ४० लाखांपर्यंत विक्री असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही," असे सगळे सांगतात. मालाच्या बाबतीत मध्य प्रदेशात ते खरे आहे, पण राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर पहिल्या पार्सलपासूनच नोंदणी लागते. छोट्या व्यापाऱ्यांची कंपोझिशन योजनाही इथे उपयोगी पडत नाही, कारण तीत परराज्यात माल विकता येत नाही.

मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून एक सवलत मिळाली आहे. नोंदणीची मर्यादा न ओलांडणारा विक्रेता पोर्टलवरून केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन तिथे माल विकू शकतो. मात्र अशा विक्रेत्याला दुसऱ्या राज्यात माल पाठवता येत नाही. आपले तर निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक महाराष्ट्रातले!

यातून दोन वाटा निघतात. पहिली, सरळ नोंदणी करून घेणे. सरकारी पोर्टलवर तिला शुल्क नाही. पण मग विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते. विसरलात तर शून्य विवरणालासुद्धा दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागते. दुसरी वाट म्हणजे करमुक्त मालापासून सुरुवात करणे. आपला पापड जीएसटीतून मुक्त आहे. फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, मग गिऱ्हाईक रावेरचे असो की रत्नागिरीचे. वेफर्स आणि लोणची मात्र करपात्र आहेत. आपला माल कोणत्या गटात बसतो हे करसल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. त्याची फी पुढच्या दंडापेक्षा स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट : खोक्याचे माप

आम्ही वेफर्स ४०० रुपये किलोने विकायचे ठरवले. केळी, तेल, गॅस मिळून किलोला २१० रुपये, पिशवी आणि खोके ३० रुपये. नफा १६० रुपये, असे वहीत लिहून आम्ही खूश झालो.

कुरिअरवाल्याने खोके मोजले आणि म्हणाला, "काका, वजन दोन किलो चारशे ग्रॅम." आम्ही म्हटले, एकच किलो माल आहे. तेव्हा त्याने समजावले. बहुतेक कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायचे. येणारा आकडा आणि खरे वजन यातले जे जास्त, त्याचे भाडे. आमचे खोके ३० × २० × २० चे, म्हणजे १२,००० भागिले ५००० बरोबर २.४ किलो. भाडे झाले १५० रुपये. उरले किती? दहा रुपये.

आम्ही ते दहा रुपये टेबलावर ठेवले. सौभाग्यवतींनी विचारले, "आणि माझे चार तास?" चाळीस वर्षे लोकांचे ताळेबंद तपासले, पण हा खर्च आमच्या वहीत कधी आला नव्हता.

पापडाचे गणित वेगळे. एक किलोची चळत २० × २० × ८ च्या खोक्यात बसते. आकाराने ६४० ग्रॅमच होतात, म्हणून भाडे खऱ्या वजनाचेच. शिवाय पापड न तळता जातो, त्यामुळे तेल खवट होण्याची भीती नाही. तेव्हा आम्ही ठरवले, बाहेरगावी पापड आणि वेफर्स गावातल्या गावात.

तिसरी गोष्ट : कागद आणि लेबल

खाण्याचा पदार्थ विकायचा तर घरातून असला तरी एफएसएसएआयची नोंदणी हवी. लहान उद्योगासाठी ती सोपी आहे. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. त्याखेरीज पदार्थाचे नाव, घटक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क एवढे लेबलवर असावे.

उद्यम नोंदणी आधारवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी, सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. त्यांच्यापासून सावध राहा.

चौथी गोष्ट : खाते कोणाचे?

हा मुद्दा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

नोकरीत असताना एक बाई आमच्याकडे कर्ज मागायला आल्या होत्या. पंधरा वर्षे घरून मसाले विकत होत्या. आम्ही विचारले, "व्यवहार कागदावर कुठे आहे?" पैसे यजमानांच्या खात्यात जात होते, उरलेले डब्यात. दाखवायला एक ओळही नव्हती. आम्ही नियमाप्रमाणे अर्ज परत केला. नियम चुकला नव्हता, पण धंदा खरा होता हेही आम्हाला दिसत होते. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून सांगतो, जी काम करते तिच्याच नावाने वेगळे खाते उघडा, तिच्याच नावाने उद्यम घ्या आणि यूपीआयचा क्यूआर त्याच खात्याचा ठेवा. वर्षभराने ते पासबुकच तिचा साक्षीदार होते. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण लागत नाही. केळी हे 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये आपल्या जिल्ह्याचे पीक आहे. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. सध्याची स्थिती उद्यानिकी विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारावी. यंत्र मात्र मागणी दिसल्यावरच घ्या. निवृत्तीची रक्कम तर त्यात मुळीच घालू नका.

एक सावधगिरी. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. "मोठी ऑर्डर आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, पिन टाका," असे कोणी म्हटले की फोन ठेवा. फसलातच तर वेळ न घालवता १९३० वर कळवा.

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचेच पुढे लिज्जत झाले. रक्कम उसनी होती, म्हणून हिशेबही पहिल्या दिवसापासून चोख होता.

आमच्या घरी आता वहीत चार रकाने आहेत : माल, खोके, भाडे आणि तिचे तास. चौथा रकाना भरून काही उरले तरच ऑर्डर घेतो. तुम्ही विचार करत असाल तर वही घेऊन मंडळात या. पहिले पान आपण बसून लिहू.