रंग कशावर द्यायचा?

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी शिड्या, डबे आणि कुंचले दिसू लागतात. रंग पिवळा द्यावा की निळा, याची चर्चा घरात रंगते. जाणता रंगारी मात्र आधी भिंतीवरून हात फिरवतो आणि विचारतो, "ही भिंत कशाची आहे? ओल येते का?"

आमच्या शेजारच्या एका जुन्या घराची गोष्ट सांगतो. त्याच्या माजघराची भिंत दगडमातीची असून तिला चुन्याचा गिलावा होता. दर वर्षी तिला चुना देत. एके वर्षी घरमालकांनी हौसेने चकचकीत तेलरंग दिला. पावसाळ्यात जमिनीतील ओल भिंतीत चढली. तेलरंगाचा पडदा तिला बाहेर पडू देईना. श्रावण सरण्यापूर्वीच भिंतीला फुगवटे आले आणि पोपडे गळू लागले. रंग उंची होता, पण जागा चुकली होती.

चुन्याचे असे होत नाही. चुनकळीवर पाणी घातले की ती फसफसून उकळते. (हे काम मोठ्या माणसांनीच करावे, उडालेला थेंब डोळ्याला इजा करतो.) विरलेला चुना भिंतीला लावला म्हणजे तो हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. हा थर सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतील ओल त्यातून निघून जाते. टेकले की कपडे पांढरे होतात, एवढा त्याचा दोष खरा.

तेलरंगाची रीत निराळी. त्यातील जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन चिवट पापुद्रा बनते. दारे-खिडक्यांना हाताचा मळ लागतो, पावसाचे शिंतोडे बसतात. तेथे असा पुसता येणारा पापुद्राच हवा. मात्र लाकूड पुरते वाळलेले असावे. सिमेंटच्या ताज्या गिलाव्यावर तेलरंग देऊ नये, याचे कारण मोठे गमतीचे आहे. त्या गिलाव्यात अल्क असते. तेल आणि अल्क एकत्र आले म्हणजे काय तयार होते? साबण! रंगातील तेलाचेही तेच होते आणि रंग चिकट होऊन सुटतो.

लोखंडाचे गज प्रथम खरवडून गंज काढावा व लगेच अस्तराचा हात द्यावा. या अस्तरासाठी पूर्वी शेंदूर वापरीत. शेंदूर हे शिशाचे एक ऑक्साइड असून शिसे विषारी आहे. भारतात २०१७ सालापासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये असा नियम लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत ते पुष्कळ अधिक असू शकते. असा जुना रंग कोरडाच घासला तर त्याची धूळ जमिनीवर बसते, रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते आणि त्याच्या मेंदूला अपाय करते. म्हणून तो पाण्याने भिजवून, नाकातोंडाला फडके बांधून काढावा आणि जमीन ओल्या फडक्याने पुसावी.

आमच्या शेजाऱ्यांनी पुढच्या वर्षी तसेच केले. माजघराचा तेलरंग भिजवून खरवडला आणि भिंतीला पुन्हा चुना दिला. ते काम संपेपर्यंत धाकट्या मुलीला त्यांनी आजोळी ठेवले होते.