जुना माल, नवा बाजार : ऑनलाइन खरेदी-विक्रीतील गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत जुन्या वस्तू सतत हात बदलत असतात, आणि त्याला कारणेही तशीच आहेत. रांजणगाव एमआयडीसी, कारेगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांत राहणारा कंत्राटी कामगार कंत्राट संपले की फ्रीज, कूलर आणि दुचाकी विकून गाव गाठतो. दौंडला रेल्वे जंक्शन आहे, राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक 5 आणि 7 आहेत, शेजारी कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे. बदलीच्या माणसांचा संसार तिथे कायम ट्रकवर चढत-उतरत असतो. बाकी शेतकरी : त्याला हवा असतो जुना ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, उसाची ट्रॉली किंवा दुभती म्हैस. हा सगळा व्यवहार पूर्वी ओळखीपाळखीने आणि आठवडे बाजारात होई. आता त्याची सुरुवात ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि गावोगावच्या ‘खरेदी-विक्री’ व्हॉट्सॲप गटांवर होते. त्यासोबत काही समजुतीही रूढ झाल्या आहेत आणि फसवणूक बहुतेक वेळा त्या समजुतींच्याच आधाराने होते.

‘फसतो तो घेणारा, विकणाऱ्याला काय धोका?’

जुन्या बाजारात हे बरेचसे खरे होते, कारण पैसे घेणारा रोख मोजून घेत असे. ऑनलाइन व्यवहारात मात्र विकणाराही तितकाच सापडतो. जाहिरात टाकून तासही होत नाही तोच फोन येतो. समोरचा घासाघीस करत नाही, वस्तू बघायला येण्याची गोष्ट काढत नाही, सांगितलेली किंमत मान्य करतो. जुन्या सोफ्यासाठी 8,000 रुपये विनातक्रार देणारा गिऱ्हाईक भेटणे ही खुश होण्याची गोष्ट नसून सावध होण्याची आहे. मग तो व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, ‘स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ विश्वास बसावा म्हणून आधी पाच-दहा रुपये खरोखरच पाठवले जातात.

इथे आड येणारा गैरसमज असा की पैसे घेण्यासाठीही कोड स्कॅन करावा लागतो आणि पिन टाकावा लागतो. यूपीआय ही व्यवस्था एप्रिल 2016 मध्ये सुरू झाली. तिच्यात पिन टाकण्याचा अर्थ खात्यातून पैसे देण्यास संमती, एवढाच होतो (शिल्लक पाहण्यासाठी पिन लागतो, तो अपवाद). पैसे स्वीकारायला काहीही करावे लागत नाही. फोन बंद असला तरी ते खात्यात जमा होतात. स्कॅन केल्यावर पडद्यावर समोरच्याचे नाव, रक्कम आणि ‘पे’ असे बटण दिसते. ‘पे’ म्हणजे ‘द्या’ हे सगळ्यांना माहीत असते, पण त्या वेळी फोनवर कोणीतरी सतत बोलत असतो आणि बोट त्याच्या सांगण्याप्रमाणे चालते. पहिले 8,000 गेले की ‘चुकून कट झाले, परत करतो, दुसरा कोड स्कॅन करा’ असे ऐकू येते आणि पुन्हा तेवढेच जातात.

‘कलेक्ट रिक्वेस्ट’, म्हणजे पैसे मागणारी विनंती, पाठवूनही असेच पैसे उकळले जात. व्यक्ती-व्यक्तींमधील अशा विनंत्या राष्ट्रीय भुगतान निगमने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केल्या. एक दार लागले, पण क्यूआर कोडचे उघडेच आहे.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हाही पुरावा नाही. यशस्वी व्यवहाराचे हुबेहूब चित्र तयार करणारी बनावट ॲप आहेत. बँकेसारखा मजकूर असलेला एसएमएस कोणीही टाइप करून पाठवू शकतो. बँकेचा संदेश साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. पक्की खात्री मात्र स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जमा रक्कम पाहिल्यावरच होते. ‘सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळपर्यंत येतील’ असे म्हणणाऱ्याला वस्तूही संध्याकाळीच द्यावी.

‘ओळखपत्र पाठवले आहे, शिवाय फौजी माणूस’

देशभर गाजलेला प्रकार हा. विकणारा किंवा घेणारा स्वतःला लष्करातला किंवा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातला जवान म्हणवतो, बदली झाल्याचे सांगतो आणि ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, गणवेशातला फोटो पाठवतो. शिरूरकराला हे पटकन पटते. पुढे अहिल्यानगरला लष्कराचे आर्मर्ड कोर केंद्र आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र आहे. रस्त्यावर लष्करी गाड्या रोज दिसतात आणि घरटी नाही तरी गावटी कोणीतरी फौजेत असतोच. पाठवलेली कार्डे पुष्कळदा खरीच असतात, फक्त ती दुसऱ्या कोणाची तरी असतात. एका व्यवहारात कोणी विश्वासाने दिलेली आधारची प्रत पुढच्या दहा व्यवहारांत पुरावा म्हणून फिरते.

गाडी ‘आर्मी ट्रान्सपोर्टने’ घरपोच येणार असते आणि त्यासाठी आधी थोडे नोंदणी शुल्क, मग परत मिळणारी अनामत, मग गेटपास. लष्कर खासगी जुन्या मोटारसायकली घरपोच करत नाही.

दौंडजवळ भीमेपलीकडे काष्टीचा जनावरांचा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक विकणाऱ्याचे आधार कार्ड मागत नाही. तो गाईचे दात बघतो, सड बघतो, धार काढून बघतो आणि मग पैसे मोजतो. ऑनलाइन व्यवहारात नेमके उलटे घडते. माणूस खरा की खोटा यातच सगळी चौकशी संपते, आणि वस्तू व पैसा हे दोन्ही न तपासलेले राहतात.

‘इसार थोडाच आहे, गेला तर गेला’

ट्रॅक्टर आणि म्हशी यांच्या जाहिरातींत ही समजूत महाग पडते. व्हिडिओत मुऱ्हा म्हैस बादलीभर दूध देताना दिसते, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी असते, आणि ‘घरपोच’ असते. इसार 5,000. तो गेल्यावर ट्रकचे भाडे, मग वाटेत अडवले म्हणून दंड, मग जनावराचा विमा. प्रत्येक मागणी आधी दिलेल्या एकूण रकमेपेक्षा लहान असते. म्हणून सोडून देण्यापेक्षा आणखी थोडे भरून मोकळे व्हावे, असे वाटत जाते. जनावर किंवा यंत्र प्रत्यक्ष न पाहता इसार न देणे, एवढाच यावर उपाय आहे.

‘दोघेही समोरासमोर भेटले, मग फसवणूक कशी होईल?’

होते, आणि सगळ्यांत चलाख फसवणूक हीच. तिच्यात भेटणारे दोघेही प्रामाणिक असतात, चोर तिसराच असतो आणि तो कधीच समोर येत नाही.

समजा, कारेगावच्या कामगाराने दुचाकी 45,000 रुपयांना विकायला काढली. भामटा ती जाहिरात पाहतो, तेच फोटो घेऊन 30,000 रुपयांची स्वतःची जाहिरात दुसरीकडे टाकतो. केडगावचा कोणी त्याला फोन करतो. भामटा त्याला सांगतो, ‘गाडी माझ्या मेहुण्याकडे आहे, जाऊन बघा. पण पैशांचे त्याच्याशी बोलू नका, आमचा घरचा हिशोब आहे.’ इकडे कामगाराला सांगतो, ‘माझा भाऊ गाडी बघायला येतोय, त्याला ती भेट द्यायची आहे, किंमत सांगू नका.’ न्हावरा-चौफुला रस्त्याने केडगावचा माणूस येतो, गाडी चालवून बघतो, खरी गाडी, खरी कागदपत्रे, समाधान होते. तो फोन करून भामट्याच्या खात्यात 30,000 भरतो आणि किल्ली मागतो. कामगाराला एक रुपयाही आलेला नसतो. दोघे एकमेकांवर चोरीचा आळ घेतात आणि तेवढ्यात तिसऱ्याचा फोन बंद होतो.

याचा आणखी वाईट प्रकार असा : भामटा दुसऱ्याच कोणा फसलेल्या माणसाला थेट विकणाऱ्याच्याच खात्यात पैसे भरायला लावतो आणि वस्तू स्वतः उचलून नेतो. विकणाऱ्याला वाटते व्यवहार चोख झाला. पुढे तक्रार होते आणि त्याच्याच खात्यातील रक्कम गोठवली जाते. म्हणून ज्याच्या नावावर वस्तू आहे त्याच्याच खात्यात पैसे भरावेत, जो वस्तू नेतो त्याच्याच खात्यातून ते यावेत, आणि किंमत दोघांनी एकमेकांसमोर मोठ्याने बोलावी. ‘किंमत सांगू नका’ हे वाक्य ऐकू आले की व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

‘आरसी बुक दिले, टीटी फॉर्मवर सही झाली, गाडी गेली’

गाडी गेली, जबाबदारी गेली नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 50 नुसार, गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत मालकी बदलल्याचे परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. नमुना 29 आणि 30, म्हणजेच टीटी फॉर्म, हे त्यासाठीचेच अर्ज. व्यवहारात मात्र कोऱ्या अर्जावर सही करून गाडी एजंटाकडे सोपवण्याची पद्धत आहे. ती गाडी पुढे दोन-तीन हातांतून जाते, नाव पहिल्याचेच राहते आणि ई-चलनाचे संदेश त्याच्याच मोबाइलवर येत राहतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केले की, अपघात झाला तेव्हा ज्याचे नाव नोंदीत होते तोच भरपाईच्या कामी मालक धरला जाईल. त्या प्रकरणातली मोटार अपघाताच्या आधी अनेकदा हातोहात विकली गेली होती, तरीही.

शिरूरची गाडी एमएच 12, दौंडची बारामती कार्यालयाकडे म्हणून एमएच 42. पासिंग कुठलेही असो, घेणाऱ्याने एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकून विमा, पीयूसी आणि बोजा आहे का हे पाहायचे असते. बोजा म्हणजे फायनान्स कंपनीचे कर्ज. ते फिटल्याचे ‘ना हरकत’ आणि नमुना 35 मिळाल्याशिवाय बोजा उतरत नाही आणि गाडी नावावरही होत नाही. ‘दोनच हप्ते राहिलेत, नंतर पाठवतो’ यावर पैसे देऊ नयेत.

मग चासी क्रमांक. दुचाकीवर तो साधारणपणे हँडलखालच्या लोखंडी नळीवर ठोकलेला असतो. चिखल पुसून, मोबाइलच्या उजेडात, एकेक अक्षर आरसीशी ताडून पाहावे. अक्षरांची खोली कमी-जास्त असेल, भोवती घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग असेल, तर किंमत कितीही चांगली असली तरी हात जोडावेत.

‘मला काय माहीत चोरीची आहे, मी तर पैसे मोजलेत’

वस्तुविक्री कायदा 1930 च्या कलम 27 चे मूळ तत्त्व साधे आहे : जो मालक नाही त्याच्याकडून घेणाराही, काही अपवाद सोडल्यास, मालक होत नाही. चोरीची वस्तू पोलीस जप्त करतात आणि मोजलेले पैसे बुडतात. शिवाय ती चोरीची आहे असे मानायला कारण असतानाही घेतली, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 317 लागते. बिल नाही, खोका नाही, चार्जर नाही आणि 40,000 चा फोन 9,000 ला मिळतो, हे असे ‘कारण’ ठरू शकते.

मोबाइल तपासणे तुलनेने सोपे. *#06# दाबल्यावर 15 आकडी आयएमईआय दिसतो. ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवता येतो, किंवा मे 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येते. ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ असे उत्तर आले तर विषय संपला. फोन काल चोरीला गेला आणि मालकाने अजून नोंद केली नसेल, तर मात्र उत्तर स्वच्छच येणार. म्हणून बिलावरचा आयएमईआयही ताडायचा, आणि विकणाऱ्याकडून त्याचे गुगल किंवा ॲपल खाते समोरच काढून घ्यायचे. ज्याला ते काढता येत नाही, त्याचा तो फोन नसावा.

‘गेले ते गेले’ आणि ‘बँक भरून देईल’

दोन्ही चूक. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले आहे, पण ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात सहसा बसत नाहीत. ग्राहक आयोगाचा मार्गही अशा वेळी बहुधा बंदच असतो. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम नेहमीचा धंदा म्हणून नव्हे तर स्वतःपुरती वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला लागू नाहीत.

म्हणून हाती उरतो तो वेळ. 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदली की पैसे ज्या-ज्या खात्यांत फिरले त्या बँकांना सूचना जाते आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम रोखली जाते. भामटे पैसे मिनिटांत पुढे सरकवतात किंवा एटीएममधून काढतात. त्यामुळे आधी घरात चर्चा, मग बँकेत चक्कर, मग पोलीस ठाणे या क्रमाने गेल्यास रोखण्याजोगे फारसे उरत नाही. व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर क्रमांक, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि व्हॉट्सॲपवरचे सगळे बोलणे जपून ठेवावे. रागाच्या भरात चॅट पुसू नये. रोखलेली रक्कम आपोआप परत येत नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो.

‘चोर राजस्थानात, मग इथे तक्रार कशी घेतील?’ हीही शंका ऐकू येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव एमआयडीसी, दौंड, यवत ही सर्व ठाणी पुणे ग्रामीण पोलीस दलात येतात. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते. तोतयागिरीने ऑनलाइन फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

फसलेल्या माणसाला काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता असते : ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रक्रिया शुल्क भरा.’ 1930 वर किंवा सरकारी सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवायला कसलेही शुल्क नाही, आणि सापडलेले पैसे परत करण्यासाठी पोलीस यूपीआयवर रक्कम मागत नाहीत.